अर्थाचा सांधा वेगळा, जिभेचा सांधा वेगळा

पत्र : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. गेल्या आठवड्यात वॉर्डमध्ये हॅन्डओव्हरच्या (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवण्याच्या) वेळी 'इसॉफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी' हा शब्द मला पूर्ण म्हणायला सांगितला. मी तो चार तुकड्यांत पाठ केला होता : इसॉफॅगो, गॅस्ट्रो, ड्युओडिनो, स्कोपी. तरीही 'ड्युओडिनो'नंतर जीभ अडकली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सगळे हसले. या शब्दाचे सिलॅबल नेमके किती आणि तो कुठे तोडायचा? फॉर्मवर 'ओजीडी' छापलेले असते, मग आमच्या पुस्तकात तो 'ई'ने का सुरू होतो? सर 'इसॉफॅजीअल' म्हणतात, तर इथे 'इसॉफॅजो' का नाही? मोबाइलमधला आवाज आणि आमचे डॉक्टर यांचे उच्चार जुळत नाहीत, मग बरोबर कोण? पुढच्या महिन्यात व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे आणि त्यानंतर एंडोस्कोपी युनिटला पोस्टिंग आहे. माझ्या मराठी वळणामुळे मार्क जातील का?
– एक विद्यार्थिनी, हिंगोली

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण दुखणे नेमके तिथेच आहे. तुम्ही चार तुकडे पाठ केले आणि जीभ तिसऱ्या व चौथ्या तुकड्याच्या मध्ये अडकली. तुकडे अगदी बरोबर आहेत. इसॉफॅगो म्हणजे अन्ननलिका, गॅस्ट्रो म्हणजे जठर, ड्युओडिनो म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि स्कोपी म्हणजे आत पाहणे. व्हायवात अर्थ विचारला तर हेच उत्तर पूर्ण मार्कांचे आहे. मात्र हे तुकडे अर्थाचे आहेत, आणि तोंडाला हवे असतात ते उच्चाराचे तुकडे, म्हणजेच सिलॅबल. पहिल्या दोन सांध्यांवर हे दोन्ही एकाच ठिकाणी पडतात, म्हणून तिथपर्यंत तुम्ही विनासायास गेलात. तिसऱ्या सांध्यावर अर्थ एकीकडे तुटतो आणि उच्चार दुसरीकडे, आणि तुम्ही अर्थाच्या बाजूने थांबल्यामुळे पुढचा 'स्कोपी' हातचा निसटला.

असे शब्द आपण मराठीत रोज बोलतो, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. 'सूर्योदय' या शब्दाचा विग्रह सूर्य अधिक उदय असा आपण शाळेत लिहिला, पण बोलताना कोणी 'सूर्य' म्हणून थांबून मग 'उदय' म्हणत नाही. आपण 'सूर्-यो-दय' म्हणतो आणि अर्थाचा सांधा त्या 'यो'च्या पोटात नाहीसा होतो. 'हिमालय'चेही तसेच, हिम आणि आलय यांच्यामधली भेग 'मा'ने बुजवलेली आहे. संधी सोडवणे हे व्याकरणाच्या पेपरातले काम आहे आणि शब्द म्हणणे हे वेगळे काम आहे. तुम्ही वॉर्डमध्ये उभे राहून संधी सोडवत होता.

आता मोजणी. या शब्दात रोमन लिपीतली 26 अक्षरे आहेत, त्यामुळे इंग्रजीत तो डोळ्यांना घाबरवतो. तोच शब्द देवनागरीत लिहा आणि अक्षरे मोजा : इ, सॉ, फॅ, गो, गॅ, स्ट्रो, ड्यु, ओ, डि, नॉ, स्को, पी. ही बारा झाली, आणि सिलॅबलही बाराच आहेत. हा योगायोग नाही. सिलॅबलच्या मध्यभागी एक स्वर असतो आणि आपल्या लिपीत प्रत्येक अक्षराबरोबर एक स्वर येतो, म्हणून असा परका शब्द देवनागरीत उतरवला की सिलॅबल मोजण्याचे अर्धे काम लिपीच करून टाकते. पडताळा हवा असेल तर हनुवटीखाली तळहात आडवा धरून शब्द सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला जबडा किंचित खाली येऊन हाताला टेकतो. बारा टेकण्या मोजता आल्या तर एकही सिलॅबल गिळलेला नाही. वाचकांकडून हे करून घेतले की बहुतेकांच्या अकरा भरतात आणि हरवलेला सिलॅबल असतो तो 'ड्यु'नंतरचा एकटा 'ओ'.

लिपी आकडा बरोबर देते, पण तोडण्याची जागा मात्र चुकवते. 'वस्ती' आपण व-स्ती असे लिहितो आणि वस्-ती असे बोलतो. लिहिताना जोडाक्षर पुढच्या स्वराला चिकटते, बोलताना त्याचा पहिला व्यंजन मागे सरकतो. वृत्ते शिकताना जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात आला की ते गुरू धरायचे, असा नियम तुम्ही पाठ केला असेल. त्याचे कारण हेच की तो अर्धा व्यंजन मागच्या अक्षरावर येऊन आदळतो आणि त्याला जड करतो. तोच नियम इथे लावा. 'गॅ-स्ट्रो' बोलताना गॅस्-ट्रो होते आणि 'नॉ-स्को' बोलताना नॉस्-को होते. म्हणून उच्चाराची पूर्ण विभागणी अशी येते : इ-सॉफ्-अ-गो, गॅस्-ट्रो, ड्यू-ओ-डि, नॉस्-क-पी. चार गट, आणि त्यांत अनुक्रमे चार, दोन, तीन व तीन सिलॅबल.

शेवटच्या गटाकडे नीट पाहा. अर्थाच्या दृष्टीने 'नो' हा ड्युओडिनोचा शेवट आणि 'स' ही स्कोपीची सुरुवात आहे. उच्चारात मात्र 'न' आपले घर सोडून पुढे जातो, 'स' आपले घर सोडून मागे येतो आणि दोघे मिळून 'नॉस्' असा एक ठसठशीत सिलॅबल तयार करतात. संपूर्ण शब्दातला सर्वांत जोरकस आघातही त्याच्यावरच आहे. ज्या ठिकाणी आवाज सर्वांत वर जायला हवा, बरोबर तिथे तुम्ही श्वास सोडून थांबत होता.

आघाताबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपल्याकडे त्याची सवय नसते. मराठीत आघात बदलल्याने सहसा शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण लांब इंग्रजी शब्दही मालगाडीच्या डब्यांसारखा एकाच उंचीने ओढतो. इंग्रजीत काही सिलॅबल उंच व लांब होतात आणि मधले आखडतात. या शब्दात 'सॉफ्', 'गॅस्' आणि 'ड्यू' या तीन लहान टेकड्या आहेत आणि 'नॉस्' हा डोंगर. तो डोंगर तिथेच का, याचा नियम सोपा आहे आणि तुम्हाला पुढची तीन वर्षे पुरेल. ज्या शब्दांच्या शेवटी स्कोपी, ग्राफी, लॉजी, मेट्री, टॉमी किंवा पॅथी येते, त्यांचा मुख्य आघात शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर पडतो. एंडोस्कोप या उपकरणाच्या नावात आघात अगदी पहिल्या 'एन्'वर असतो. तपासणीचे नाव घेताच तो सरकतो आणि शब्द एन्-डॉस्-क-पी होतो. आता कोलोनोस्कोपी, ब्राँकोस्कोपी, सिस्टोस्कोपी, लॅपरोस्कोपी हे शब्द ओळीने म्हणून पाहा. शेपूट एकच आहे, 'ऑस्-क-पी', फक्त पुढची मंडळी बदलतात.

मी 'को'ऐवजी 'क' लिहिले आहे, ते मुद्दाम. आघात नसलेल्या सिलॅबलमधला इंग्रजी स्वर आखडून आपल्या साध्या 'अ'जवळ येतो. 'एंडोस्कोपी' हे लेखन आता रूढ आहे आणि ते बदलण्याची काही गरज नाही, पण त्या लेखनामुळे आपण 'स्को'वर उगाच जोर देतो. 'फॅ'चेही तसेच आहे. बोलताना तिथे साधा 'अ' पुरतो.

सरावाबद्दल माझा आग्रह आहे की शब्द पुढून पाठ करू नका, शेवटाकडून बांधत या. आधी फक्त 'पी', मग 'क-पी', मग 'नॉस्-क-पी', आणि हे तीन सिलॅबल एका दमात, न अडखळता निघेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर 'डि-नॉस्-क-पी', 'ओ-डि-नॉस्-क-पी', 'ड्यू-ओ-डि-नॉस्-क-पी'. मग 'गॅस्-ट्रो' आणि सर्वांत शेवटी 'इ-सॉफ्-अ-गो' जोडा. पुढून पाठ केलेला शब्द जसजसा पुढे जातो तसतसा अनोळखी होत जातो, कारण सुरुवात शंभर वेळा घोकलेली असते आणि शेवट दहाच वेळा. शेवटाकडून बांधलेल्या शब्दात तुम्ही प्रत्येक पावलाला अधिक ओळखीच्या भागात शिरता. परदेशी भाषा शिकवणारे शिक्षक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरतात. आणखी एक गोष्ट, तीही तुमच्या पत्रावरूनच : अडकल्यावर पहिल्या 'इ'पासून पुन्हा सुरुवात करू नका. ज्या गटात अडकलात त्या गटाच्या आरंभी या आणि तिथून चाला, ऐकणाऱ्याला ती साधी उसंत वाटते.

शब्दकोशाविषयी एक सावधगिरीची सूचना. अमेरिकी शब्दकोशांत मुख्य शब्दाच्या मध्ये जे ठिपके दिसतात, ते बहुधा ओळ संपल्यावर शब्द कुठे तोडावा हे दाखवण्यासाठी असतात. छपाईत पहिले एकटे अक्षर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत, म्हणून इसॉफॅगस या शब्दातला आरंभीचा 'ई' त्यात वेगळा तोडलेला दिसत नाही आणि चार सिलॅबलचा शब्द तीनच तुकड्यांचा भासतो. उच्चारासाठी त्याखाली किंवा शेजारी दिलेली उच्चारचिन्हे पाहावीत. तिथे आघाताची लहान उभी रेघ आजकाल बहुतेक ठिकाणी ज्या सिलॅबलवर जोर द्यायचा त्याच्या आधी असते. ती मागच्या सिलॅबलची समजून अनेक जण फसतात.

'ओजीडी'चा उलगडा सोपा आहे. ब्रिटिश लेखनात अन्ननलिकेच्या इंग्रजी नावाच्या आरंभी 'ओ' आणि 'ई' अशी दोन्ही अक्षरे येतात, अमेरिकी लेखनात 'ओ' गळतो. म्हणून ब्रिटिश पद्धतीचे संक्षिप्त रूप ओजीडी आणि अमेरिकी पद्धतीचे ईजीडी. आपल्याकडे फॉर्म एका परंपरेतला असतो आणि पुस्तक दुसऱ्या परंपरेतले, इतकेच. बोलताना तो 'ओ' ब्रिटिश लोकही उच्चारत नाहीत.

'जो' का नाही, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. इंग्रजीत आलेल्या ग्रीक व लॅटिन शब्दांत 'जी' हे अक्षर ई, आय किंवा वाय यांच्या आधी आले तर त्याचा बहुधा 'ज' होतो, आणि ए, ओ, यू यांच्या आधी 'ग' राहतो. इसॉफॅगसमध्ये पुढे यू आहे, इसॉफॅगोमध्ये ओ आहे, म्हणून 'ग'. इसॉफॅजीअलमध्ये पुढे ई आला, म्हणून 'ज'. तुमचे सर बरोबर आहेत आणि पुस्तकही. स्वरयंत्राच्या शब्दांत हाच फरक ऐकू येतो : लॅरिंगोस्कोपी, पण लॅरिंजायटिस.

'ड्युओडिनो'चा अर्थ एकदा मनात बसला की तो गट जिभेवर आपोआप बसतो. लॅटिनमध्ये 'ड्युओडेनी' म्हणजे बारा-बारा. सुमारे 2300 वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात शरीररचना शिकवणाऱ्या हिरोफिलस या ग्रीक वैद्याने आतड्याचा हा भाग बारा बोटांच्या रुंदीएवढा लांब मोजला आणि त्याला तसेच नाव दिले. लॅटिनने त्याचा अनुवाद केला. जर्मन भाषेत आजही त्याला सरळ 'बारा बोटांचे आतडे' असेच म्हणतात. चार बोटे खाली, दोन बोटे वर अशी मापे आपल्या घरातही चालतात, तेव्हा हे नाव आपल्याला परके वाटू नये. बारा बोटांचे आतडे, बारा सिलॅबलचा शब्द आणि आपली बाराखडी; एवढा योगायोग लक्षात ठेवण्यासाठी खुशाल वापरा.

मोबाइल बरोबर की डॉक्टर? बहुधा दोघेही. ड्युओडिनम या साध्या शब्दाचे दोन उच्चार प्रतिष्ठित आहेत : ड्यू-ओ-डी-नम, ज्यात जोर 'डी'वर आहे, आणि अमेरिकेत ऐकू येणारा ड्यू-ऑड्-न-म, ज्यात जोर 'ऑड्'वर आहे. शिवाय अमेरिकी आवाज 'ड्यू'तला 'य' गाळून 'डू' म्हणतो. तुमचा फोन बहुधा अमेरिकी आवाजावर लावलेला असेल. तुम्ही कोणताही एक उच्चार निवडा आणि त्यालाच धरून राहा. एका वाक्यात एक आणि दुसऱ्या वाक्यात दुसरा, असे झाले की ऐकणाऱ्याला तुम्ही चाचपडत आहात असे वाटते.

मराठी वळणाने मार्क जात नाहीत. 'फ' ओठ मिटून म्हटला की दात टेकवून म्हटला, यावरून परीक्षक तुम्हाला अडवणार नाहीत. ज्या उच्चारामुळे अर्थ बदलतो तिथे मात्र तडजोड नको. हायपोग्लायसीमिया आणि हायपरग्लायसीमिया यांत रक्तातली साखर कमी की जास्त, एवढा फरक आहे आणि तो फरक दुसऱ्या, आघात नसलेल्या सिलॅबलमध्ये आहे, जो घाईत गिळला जातो. इथे इंग्रजी लय बाजूला ठेवून 'पो' किंवा 'पर' स्वच्छ उच्चारावा, आणि हॅन्डओव्हरमध्ये साखरेचा आकडाही सांगावा. तसेच गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठराला छेद देणे, गॅस्ट्रॉस्टमी म्हणजे जठराला बाहेर तोंड काढणे आणि गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे. पहिल्या दोहोंत केवळ एका अर्ध्या 'स'चा फरक आहे. तुमची जीभ या 'स'वर अडखळली तर तिला हसू नका, पण तिच्याकडून तो वदवून घ्या.

हसण्याविषयी इतकेच सांगते की ट्यूटर म्हणून पहिल्याच वर्षी मी भर वर्गात 'स्फिग्मो, मॅनो, मीटर' असे तीन तुकडे करून, मीटरवर सणसणीत जोर देऊन बीपी ॲपरेटसचे नाव शिकवले होते. ते स्फिग्-मो-म-नॉम्-इ-टर असे आहे, जोर शेवटून तिसऱ्या 'नॉम्'वर. म्हणजे तुमचीच चूक, फक्त मी ती तीस मुलींना वर्षभर शिकवली. आणि तुमच्या मैत्रिणींपैकी कोणी तुम्हाला डिवचण्यासाठी 'न्यूमोनो'ने सुरू होणारा तो 45 अक्षरांचा राक्षस पुढे केला, तर त्याला भिऊ नका. तो शब्द 1935 मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेत केवळ लांबीसाठी घडवला गेला. त्याचे एकोणीस सिलॅबल होतात आणि त्यात सांगितलेल्या आजाराला छातीचे डॉक्टर सिलिकोसिस या चार सिलॅबलच्या शब्दाने ओळखतात.

पूर्ण शब्द कुठे म्हणायचा, हेही ठरवून ठेवा. व्हायवात आणि केस सादर करताना तो एकदा पूर्ण म्हणावा, नंतर ओजीडी म्हणावे. वॉर्डमध्ये तर 'स्कोपी आहे, एनबीएम ठेवा' (म्हणजे तोंडावाटे काही देऊ नका) यापलीकडे फारसे कोणी बोलत नाही. पेशंट आणि नातेवाईक यांच्यासमोर मात्र हा शब्द अजिबात नको. त्यांना 'तोंडातून बारीक दुर्बीण घालून अन्ननळी, जठर आणि आतड्याची सुरुवात बघणार आहेत, म्हणून पोट रिकामे पाहिजे' असे सांगितले म्हणजे 'चहा तरी चालेल का?' हा पुढचा प्रश्न ते स्वतःहून विचारतात, आणि तो प्रश्न आला की तुमचे बोलणे पोचले असे समजावे.

एंडोस्कोपी युनिटमध्ये फळ्यावर ईआरसीपी (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिकेची दुर्बिणीतून तपासणी) लिहिलेले दिसेल. त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा मिळून एकच शब्द आहे, कोलँजिओपॅन्क्रिॲटोग्राफी, आणि त्याचे दहा सिलॅबल असे : को-लॅन्-जि-ओ, पॅन्-क्रि-अ, टॉग्-र-फी. अर्थाचा सांधा 'टो' आणि 'ग्राफी' यांच्या मध्ये आहे, पण बोलताना 'ग' मागे येऊन 'टॉग्' होतो आणि जोर त्याच्यावरच पडतो. 'फी'पासून मागे बांधत या. 'लॅन्'च्या पुढे 'ग' न येता 'ज' का आला, ते मी सांगत नाही. वर त्याचे उत्तर आलेले आहे.